गाळ आणि गाळा

तिथीला पाऊणने गुणलं की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पहाटे-सकाळी तेवढे आणि दुपारनंतरही साधारण तेवढेच. पुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. जयगड खाडीच्या काठच्या आमच्या गावात हा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ होता. मला तो बाबांनी शिकवला, मी तिसरीत असताना, पाऊणकी पाठ करून घेता घेता. ते तेव्हा गणपतीला आले होते. बाबा वर्षातून दोनदाच घरी येत, गणपतीला आणि शिमग्याला. एरवी ते लालबागला, गिरणीत.

यंदा जानेवारीत बँकेच्या तपासणीसाठी दोन आठवडे मुंबईला होते, तेव्हा हा हिशेब पंचेचाळीसेक वर्षांनी पुन्हा कामाला आला. मी आता सांगलीला असते. पक्षी बघायचा नाद लागला तो कृष्णाकाठी, आणि आता कामानिमित्त कुठेही निघाले तरी बॅगेत कपड्यांच्या आधी दुर्बीण जाते. शाखा परळला होती, उतरण्याची सोयही जवळच. दहाच्या ठोक्याला टेबलाशी असायचं, म्हणजे पक्ष्यांसाठी माझ्या हातात सात ते नऊ एवढाच वेळ. जवळच्या शिवडी बंदराच्या गाळावरचे पक्षी मात्र घड्याळावर चालत नाहीत. पाणी चढलेलं असलं की गाळ बुडतो आणि ते कुठेतरी आडोशाला गर्दी करून उभे राहतात. पाणी फार उतरलं की पाण्याच्या कडेबरोबर तेही इतके लांब जातात, की दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. हवी असते मधली वेळ. मी कालनिर्णय पाहिलं. पौष वद्य षष्ठी. सहा पाऊणे साडेचार. पहाटे साडेचारला भरती, पावणेअकराच्या सुमारास ओहोटी. म्हणजे साडेसातला पाणी अर्धंअधिक उतरलेलं आणि काठाजवळचा गाळ नुकता उघडा पडलेला असणार.

तसाच तो होता. शिवडी स्टेशनच्या पूर्वेला तेलाच्या टाक्यांच्या भिंती आणि टँकरांच्या रांगा यांच्यामधून रस्ता जातो आणि बंदरावर जाऊन संपतो. दुरुस्तीला काढलेल्या लाकडी बोटी गाळात कलंडून पडलेल्या. एका बाजूला तिवरांची झाडी. समोर धुरकट हवेत अटल सेतू, जानेवारी २०२४मध्ये वाहतुकीला खुला झालेला, एकवीस किलोमीटरहून लांब. तो इथूनच, शिवडीतून निघून पलीकडे न्हावा शेव्याकडे जातो. आणि या सगळ्याच्या मध्ये गाळ, शिशासारखा करडा, चकचकीत. तो गाळ नीट बघायला लागलं की कळतं, तो हलतोय. निवट्या सरपटताहेत, बोटभर खेकडे बिळांतून डोकावताहेत, आणि त्यांच्यामधून शेकडो पाय चाललेत.

माझ्यापासून पंचवीसेक पावलांवर एक पाणटिवळा होता. लांब पायांचा, तपकिरी-करड्या अंगाचा, आणि चोच एवढी लांब, की डोक्याला ती पेलवते कशी असं वाटावं. त्याने चोच गाळात खुपसली. आणखी खुपसली. डोळ्यांपर्यंत तोंड पाण्यात गेलं तरी तो खुपसतच होता, मग थांबला. हे थांबणं बघण्यासारखं असतं. या चोचीच्या टोकाशी संवेदनशील पेशींची दाटी असते, चिखलातला दाब आणि हालचाल तिथे जाणवते. शिवाय पूर्ण चोच गाळात रुतलेली असताना नुसतं टोक तेवढं उघडता येतं. म्हणजे डोळ्यांना दिसत नाही अशा जागी, बोटभर खोल, तो चोचीने चाचपत होता. मग मान किंचित वळली आणि त्याने एक लांबलचक, लालसर अळी हळूहळू, न तोडता ओढून काढली, पाण्यात विसळली, गिळली आणि दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा चोच खुपसली. दहा मिनिटांत मी हे सोळा वेळा पाहिलं. सात वेळा त्याच्या हाती काही लागलं, नऊ वेळा नाही. एकदाही त्याने मान वर करून इकडेतिकडे पाहिलं नाही. गिरणीत साच्यावर उभा असलेला माणूस असाच दिसत असणार.

शेजारी एक माणूस बोटीच्या फटींत कापूस ठोकत होता. माझी दुर्बीण बघून म्हणाला, “पाहुणे बघायला आलात काय ताई?”

त्याला पक्षीच म्हणायचे होते. दर नोव्हेंबरात वर्तमानपत्रांत तेच असतं, परदेशी पाहुण्यांचं आगमन. शाळेच्या निबंधात, वनखात्याच्या फलकावर, पुढाऱ्यांच्या भाषणातही तेच. शब्द प्रेमाचा आहे, यात शंका नाही. आपल्याकडे पाहुण्याला मान आहे, त्याला आधी वाढतात. पण त्या सकाळी तो शब्द मला खुपला. दिवसभर वह्या-व्हाऊचर तपासताना तो डोक्यातून गेला नाही, आणि पुढचे दहा-बारा दिवस मी जणू त्या एका शब्दाचीच तपासणी करत राहिले.

पाहुणा म्हणजे कोण? ज्याचं घर दुसरीकडे आहे आणि जो चार दिवस आपल्याकडे आला आहे तो. आता त्याच गाळावर पाणटिवळ्यांच्या पायांत धावणारी, चिमणीहून जरा मोठी, किंचित बाकदार चोचीची तुतारी घ्या. ती सैबेरियाच्या अगदी उत्तरेला, ध्रुवाजवळच्या टुंड्रात अंडी घालते. नर तिथे जूनच्या सुरुवातीला पोचतो आणि जुलै लागता लागता परत फिरतो. जेमतेम महिना. अंडी उबवणं, पिलं सांभाळणं हे सगळं मादी एकटी करते आणि तीही जुलै-ऑगस्टात निघते. मग हे पक्षी कुठे असतात? वाटेवर, आणि आपल्या किनाऱ्यांवर. ऑगस्टपासून ते यायला लागतात, एप्रिल-मेपर्यंत असतात. वर्षाचे सात-आठ महिने. आणि यातली वर्षाच्या आतली तरुण पिढी पहिल्या उन्हाळ्यात बहुधा उत्तरेला जातच नाही, इकडेच राहते. आयुष्यातलं एक सबंध वर्ष, पावसाळ्यासकट, याच चिखलात. सात महिने जो तुमच्याकडे असतो आणि एक महिना तिकडे, तो पाहुणा नक्की कुठला?

रोहित पक्ष्यांचं तर परदेशी असणंही खरं नाही. मुंबईकरांना हिवाळ्यात जे अग्निपंख बघायला आवडतात ते मोठ्या संख्येने कच्छच्या रणाकडून, गुजरातेतून येतात. २०२२मध्ये इथल्या काही रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली गेली, तेव्हा ते ठाण्याची खाडी सोडून गुजरातेतच गेल्याचं दिसलं. विरार लोकल जिकडे तोंड करून धावते, त्याच दिशेचे हे प्रवासी. अलीकडे ते शिवडीपेक्षा खाडीच्या आतल्या बाजूला, ऐरोली-भांडुप-नेरूळकडे जास्त असतात. मला शिवडीला दिसले ते चाळीस-पन्नास, फार लांब. डोकं उलटं करून, चोचीने पाणी गाळत. धाकटा रोहित खातो ते पाण्यातलं बारीक शेवाळ. खाडीत शहराचं सांडपाणी येतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर ते शेवाळ पोसतं, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे शहराने टाकलेल्यातून तो आपलं पोट काढतो. पाहुण्याला कोणी असं जेवायला वाढत नाही.

मराठीला हे फार पूर्वीपासून कळलेलं होतं असं मला वाटतं, निदान पक्ष्यांना नावं देणाऱ्या मराठीला. मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची गावोगावची नावं आयुष्यभर गोळा केली. त्यांचा ‘पक्षीकोश’ चाळताना जाणवतं, की हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांची नावं कामावरून, अवयवांवरून, चालण्याबोलण्यावरून पडली आहेत. चिखलात राबतो तो चिखल्या. थापीसारखी चोच असते तो थापट्या. पाण्याकाठी शेपूट आपटत राहतो तो धोबी, कुठे परीट. आणि धोब्यांमधला थोरला धोबी बारा महिने इथेच राहणारा, तर करडा, पिवळा, पांढरा हे हिवाळ्यात येणारे. नाव सगळ्यांना एकच. नदीवर कपडे धुणाऱ्या बाईने पक्ष्याला विचारलं नाही, की तू इथला का तिथला. तिने त्याचं काम पाहिलं आणि आपल्या ओळखीच्या माणसाचं नाव त्याला दिलं. ‘पाहुणा’ हा शब्द पक्ष्यांना फार उशिरा चिकटला असावा. तो काठावर उभं राहून बघणाऱ्यांचा शब्द आहे, चिखलात उतरणाऱ्यांचा नाही.

मला दुसरा शब्द हवा होता आणि तो लालबागमध्येच सापडायचा होता. बहुतेक संध्याकाळी काम आटोपलं की मी बाबांच्या जुन्या चाळीवरून चालत जायची. चाळ आता नाही, तिथे उंच इमारत आहे, पण कोपऱ्यावरचं पिंपळाचं झाड तेच आहे. तिथे दुसऱ्या मजल्यावर आमच्या गावाचा गाळा होता. गाळा म्हणजे एक खोली, गावच्या मंडळाने घेतलेली. तिच्यात पंचवीसेक माणसं. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, भिंतीला एक खुंटी. सगळे एकाच वेळी झोपू शकत नसत आणि तशी गरजही नव्हती, कारण पाळ्या होत्या. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या जागेवर रात्रपाळीचा येऊन पडायचा. जेवण खाली मावशींच्या खानावळीत. आयुष्य भोंग्यावर चालायचं. बाबा त्या गाळ्यात बावीस वर्षं राहिले. पगारातून खानावळीचे पैसे वजा करून उरलेले मनीऑर्डरने गावी यायचे. अशा माणसांना कोकणात एकच शब्द आहे, चाकरमानी.

पाणटिवळा चाकरमानी आहे. हे मी सहज सुचलेली उपमा म्हणून लिहीत नाही. भोंग्याच्या जागी त्याला ओहोटी आहे. ती दिवसा असो वा मध्यरात्री, गाळ उघडा पडला की तो कामावर हजर. खाडीकाठचे कितीतरी पक्षी रात्री चरतात ते यासाठीच. भरतीच्या वेळी सगळे थोड्याशा कोरड्या जागेत दाटीवाटीने, एका पायावर, मान पाठीत खुपसून झोपतात. तोच गाळा. पायात कडी घातलेल्या पक्ष्यांवरून हेही ठाऊक झालंय, की यांतले पुष्कळसे वर्षानुवर्षं ठरलेल्या त्याच चिखलावर परत येतात. हजारो किलोमीटर उडून नेमकी तीच जागा. आणि मार्च-एप्रिलमध्ये, निघायच्या आधी, ते खाऊन खाऊन अंगात चरबी साठवतात. काहींचं वजन दीडपट होतं. त्या चरबीवर गावाकडचा प्रवास होतो. त्याच दिवसांत त्यांची करडी पिसं जाऊन विटकरी-तांबूस पिसं येतात. गावी जाताना नवे कपडे. बाबा गणपतीला यायचे तेव्हा त्यांच्या अंगावर कडक इस्त्रीचा नवा सदरा असायचा, त्याला ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा.

‘पाहुणा’ हा शब्द मला का खुपतो ते आता सांगते. माझ्या आयुष्यातला पहिला पाहुणा म्हणजे माझे बाबा. ते आले की आई ताटाभोवती रांगोळी काढायची, त्यांना पाटावर बसवायची, घडीची चादर निघायची. शेजारचे येऊन विचारायचे, “कधी आलात? किती दिवस?” मी दाराआड बुजून उभी राहायची. हाक मारल्याशिवाय जवळ जात नसे. घर त्यांच्या पैशांवर चालत होतं आणि त्या घरात ते पाहुणे होते. मुंबईतही कोणी त्यांना इथले समजत नव्हतं, कारण त्यांचं गाव होतं ना. मग १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. साठहून अधिक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. दीड वर्ष बाबा गाळ्यात थांबून राहिले. संप मागे घेतला असं कोणी कधी जाहीर केलं नाही, गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या, आणि सगळीकडून एकच गोष्ट ऐकू यायला लागली, गावी जा. तुम्हाला काय, तुमचं गाव आहे. बावीस वर्षं ज्याने सूत काढलं त्याला शहराने पाहुण्यासारखं दारापर्यंत पोचवलं. गावी आल्यावर बाबा पुढे कितीतरी वर्षं पहिल्या पाळीच्या वेळेला उठून बसत आणि करण्यासारखं काही नसल्याने खाडीवर जाऊन पाणी बघत.

पाहुण्याला ‘आता निघा’ म्हणता येतं, ही त्या शब्दाच्या पोटातली गोष्ट आहे. आपण देतो ते आपल्या मर्जीने देतो, आणि मर्जी संपली की देणं संपतं. पाणथळ जागेवर भराव टाकायची वेळ आली की हेच ऐकू येतं, पक्षी काय, जातील दुसरीकडे, त्यांना पंख आहेत. कुठे जातील? दुसरीकडचा गाळ रिकामा नाही. तिथे आधीच दुसऱ्या गाळ्यातली माणसं झोपली आहेत. गाळाच्या प्रत्येक पट्टीत अळ्या, शिंपले, खेकडे ठरावीकच असतात आणि हिवाळाभर त्यावर ठरावीकच पोटं भरतात. शिवडीची पट्टी गेली तर तिथले पक्षी ऐरोलीला जाऊन सुखाने राहतील, हा हिशेब मला मंजूर नाही. मी हिशेब तपासण्याचंच काम करते. एका खात्यातली तूट दुसऱ्या खात्यात ढकलली म्हणून ती भरून निघत नाही.

काही चांगलं झालंय, तेही नोंदवायला हवं. ६ ऑक्टोबर २००५ला मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीची तोड थांबवली. २०१५मध्ये ठाणे खाडीतला १६९० हेक्टरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२मध्ये खाडीला पाणथळ जागांसाठीचा रामसर दर्जा मिळाला. पण ते अभयारण्य ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान आहे. शिवडीचा गाळ त्याच्या बाहेर. आणि गाळाची अडचण अशी, की त्याला झाड नाही. तिवर तोडलं तर दिसतं, फोटो निघतो, लोक रस्त्यावर येतात. गाळ बुजवला तर काय गेलं? चिखल गेला. किनाऱ्याच्या कायद्यात चिखलपट्ट्यांची नोंद आहे, पण माणसाच्या मनात ती पडीक जागाच असते, कोणी राहत नसलेली. तिथे कोणी राहतं हे आधी पटावं लागतं, आणि ‘पाहुणे’ म्हटलं की तेच पटत नाही. स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांसाठीची जागतिक परिषद २०२०मध्ये गांधीनगरला भरली होती. तिच्या बोधवाक्यात त्यांचं ‘घरी’ स्वागत करण्याची भाषा होती. पाहुण्याचं स्वागत आपण आपल्या घरी करतो, आणि घरच्या माणसाचं त्याच्या. त्या वाक्यातला ‘घर’ हा शब्द मला दुसऱ्या अर्थाने घ्यावासा वाटतो.

एका संध्याकाळी सहकाऱ्यांबरोबर गेटवेला गेले होते. लाँचीच्या मागे कुरव पक्ष्यांचा थवा लागतो आणि लोक त्यांना कुरकुरे, शेव फेकतात, पक्षी हवेतल्या हवेत झेलतात, मुलं टाळ्या वाजवतात. लडाख-तिबेटकडच्या उंच तळ्यांवर घरटी करणारे हे पक्षी. मुलांचा आनंद खरा होता, पण तळलेलं आणि खारवलेलं पक्ष्यांच्या पोटाला चांगलं नाही, एवढं मी शेजारच्या आईला सांगितलं. तिने पुडी पर्समध्ये ठेवली. पाहुणचाराची हौस भागवायला शेव लागते. चाकरमान्याला त्याच्या कामाची जागा पुरते.

दिवस सरले तशी माझी सकाळची वेळ बुडत गेली. भरती रोज पाऊण तास पुढे सरकत होती. अष्टमीला भांग होता, पाणी धड चढेना की उतरेना. दशमी-एकादशीला तर सात ते नऊ नुसतं पाणी. तेव्हा मी संध्याकाळी साडेपाचला काम संपवून धावत जायची. वाढत्या पाण्याने पक्षी काठाकडे ढकलले जात होते आणि पावणेसातला अंधार पडायचा. अंधार पडल्यावरही त्यांचे आवाज यायचे.

अमावास्या रविवारी आली. तारीख १८ जानेवारी. हे मला तिथे पोचल्यावर, बंदरावर उभी असताना आठवलं. उधाणाचे दिवस, पहाटेची ओहोटी फार खोल गेलेली. सातला गाळ एवढा लांबवर उघडा होता, की पुलाचे खांब कोरड्यात उभे असल्यासारखे दिसत होते आणि पक्षी म्हणजे क्षितिजावरची एक थरथरती रेघ. मला कुठे जायचं नव्हतं. गाडी संध्याकाळची होती. बोटीवाला त्या दिवशी नव्हता, बोटीच्या फटी मात्र भरून झाल्या होत्या. पाणी यायला लागलं आणि ती रेघ पाण्याच्या पुढे पुढे सरकत माझ्याकडे येऊ लागली. आधी ठिपके, मग पाय, मग चोची. नऊच्या सुमारास ते इतके जवळ होते, की चोच गाळातून निघताना होणारा बारीकसा आवाज ऐकू येत होता. हजार तरी असतील. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. जमीन तासातासाने कमी होत होती आणि ते अधिक दाटीने, खांद्याला खांदा लावून, शेवटपर्यंत खात होते.

साडेदहाला शेवटची पट्टी बुडाली. सगळा थवा एकदम उठला, पंखांवरचे पांढरे पट्टे एकदा उन्हात चमकले, आणि तो तिवरांवरून उत्तरेकडे वळला. पुढची ओहोटी संध्याकाळी साडेपाचची होती.